दादा, सात गाणी तुझ्या मशीनमध्ये आहेत

दादा, तुझं मशीन उघडलं मी. पासवर्ड शोधावा लागला नाही. तुझ्या शंभर पानी वहीत पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहिलेला आहे, खाली दोन रेघा मारून. त्याच्या खाली तुझी नेहमीची सूचना: "आधी मन शांत करावे, मग टाईप करावे." मन कुठलं शांत होतंय! तुला जाऊन एकोणीस दिवस झाले. तेरावा झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि मी चार दिवस झाले शाळा सुटली की जुळे सोलापूरला घरी जायच्या ऐवजी तुझ्या ह्या खोलीत येऊन बसते. पंखा लावते, मशीन चालू करते, आणि तुझ्यावर चिडते. चिडायला तरी समोर माणूस लागतो ना. तू नाहीस म्हणून हे लिहितेय.

घाई का, तर रविवारी वहिनींचा भाऊ माढ्याहून टेम्पो घेऊन येणार आहे. वहिनी आणि तुझी पिंकी आता तिकडंच राहणार. ही खोली मालकाला परत द्यायची, आणि मशीन त्या भावाच्या खताच्या दुकानात बिलं करायला जायचं. त्याचं बिलांचं सॉफ्टवेअर तुझ्या लिनक्सवर चालत नाही. म्हणजे मशीन अगोदर कोरं करायचं, मग त्यात विंडोज टाकायचं. वहिनींनी मला हे चहाचा कप हातात देता देता सांगितलं, माझ्याकडं न बघता. "ताई, तुमची गानी हायत न्हवं त्यात? ती तेवडी काडून घ्या आदी."

काढून घ्या म्हणे. तीन वर्षं मी तुला दुसरं काय सांगत होते?

तुझं ते लिनक्स माझ्या घरात तूच घुसवलंस. माझा लॅपटॉप मंद चालायला लागला होता, एवढंच निमित्त. दसऱ्याला सोनं द्यायला आलास आणि जाताना माझा लॅपटॉप पार बदलून गेलास. दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या ऑफिसात बसले तर मोठ्या सरांनी पाठवलेलं पत्र उघडेना. उघडलं तेव्हा नुसता अक्षरांचा चिवडा. ते जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाईप करतात, मी लिपिक, मी काय त्यांना शिकवणार? तुला फोन केला तर तू म्हणालास की चूक त्यांची आहे, त्यांना युनिकोडमध्ये पाठवायला सांग. तुला काय जातंय सांगायला. शेवटी अक्कलकोट रोडवरून स्कूटर हाणत आलास आणि फॉन्ट टाकून दिलास, पण तोंडाचा पट्टा काही थांबला नाही. प्रिंटरचं तर विचारूच नकोस. तू शेजारी उभा असलास की तो मुकाट्यानं छापायचा. तू जिना उतरलास की अडला. आमचे सुधीर म्हणायचे, "तुझ्या दादानं आपल्याला कुठं नेऊन अडकवलंय, आता ना पुढं जाता येत, ना मागं."

अडकलोच होतो. मी दहा वेळा म्हटलं, दादा, मला सगळ्यांसारखं दे की काहीतरी. तू ऐकशील तर शप्पथ. गावात तुझ्या धंद्यातले सगळे चोरीची सॉफ्टवेअरं टाकून रेकॉर्डिंग करतात, एकट्या तुलाच कशी लाज वाटते, असं मी एकदा तोडून बोलले. तू शांतपणे म्हणालास, "चोरून आणलेल्या पेटीवर आरती म्हणायची व्हय?" मग तुझं ते पुराण सुरू झालं. हे जगातल्या माणसांनी मिळून केलंय, फुकट वाटलंय, कुणीही उघडून बघावं. "हितं काय झाकलेलं नसतंय, मने. झाकण काढायचं आन् बघायचं आत काय चाललंय." मी म्हणायचे, मला बाई झाकण लावलेलंच बरं. तू हसायचास. हे वाक्य नीट लक्षात ठेव दादा, झाकण काढायचं. त्यावरूनच मला तुझ्याशी भांडायचंय.

खंडेनवमीला तू मशीनची पूजा करायचास. शेजारचे मागवाले मागाची पूजा करायचे, तू ह्या डब्याची. एका वर्षी भक्तीचा पूर आला आणि तू झेंडूच्या पाकळ्या वरून अशा उधळल्यास की चार आत पंख्यात गेल्या. दिवसभर आतून टर्र टर्र. आदल्याच आठवड्यात तू मला सांगितलं होतंस की लिनक्स कधी बंद पडत नाही. मी फरशीवर बसून हसले, वहिनी हसल्या, पिंकी हसली. तू स्क्रू काढून चिमट्यानं पाकळ्या उपसत होतास आणि म्हणत होतास की ह्यात सिस्टीमचा काही दोष नाही. तो दिवस आठवला की आत्ताही हसू येतं आणि लगेच स्वतःचाच राग येतो, की हसतेस काय.

तुझा धंदा कुणाला सांगायचा म्हणजे पंचाईत. लोक म्हणायचे, भावाचा स्टुडिओ आहे म्हणे? स्टुडिओ कसला, दहा बाय बाराची खोली, चारी भिंतींना सोलापुरी चादरी खिळ्यांनी ठोकलेल्या, आवाज घुमू नये म्हणून. आणि काम काय, तर रिक्षावरच्या जाहिराती. साड्यांचा सेल, कुकरची स्कीम, नवीन क्लास, नेत्रतपासणी शिबिर. पेनड्राइव्हवर भरून द्यायचं, रिक्षावाला भोंगा लावून गावभर फिरायचा. आवाज माझा. शाळा सुटली की मी इथं यायचे आणि "खुशखबर, खुशखबर, खुशखबर" म्हणायचे. बारा वर्षं म्हटलं. अख्ख्या सोलापूरला माझा आवाज माहीत होता आणि माझं नाव कुणालाच नाही.

मशीनच्या पडद्यावरचं ते तारांचं पान तू मला तेव्हाच शिकवलंस. तुला कावीळ झाली होती, आणि एका दुकानाची जाहिरात त्याच दिवशी हवी होती. फोनवरून तू सांगत गेलास. डावीकडं माईक, उजवीकडं रेकॉर्डर, आणि मधे डबे. माऊसनं ओढून एकाची तार दुसऱ्याला जोडायची. त्या मधल्या एका डब्याला तू नाव दिलं होतंस "भोंगा". रिक्षावरच्या भोंग्याला आवाजाचा जड भाग पेलत नाही, नुसती घरघर येते. म्हणून तो डबा आवाजातला सगळा जडपणा कापून टाकायचा, आणि हळू-मोठं सगळं दाबून एका पातळीला आणायचा. कुजबुज आणि आरोळी, दोन्ही सारखीच. मी विचारलं होतं, मग नंतर परत जाड करता येतं का? तू म्हणालास, नाही. रेकॉर्डरमध्ये जाण्याआधीच कापलेलं असतं ते, गेलं ते गेलं. जाहिरातीला काय फरक पडतो.

मग माझ्या गळ्यात गाठ निघाली. थायरॉइडची. ऑपरेशन सोमवारी ठरलं, आणि डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं की तिथून आवाजाची नस जाते, जपू, पण हमी नाही. आवाजाचं मी घरी काही बोलले नाही. तुलाच सांगितलं. आणि तू म्हणालास, "रईवारी ये. तुजी गानी घिऊ."

माझी गाणी. सात. शब्द माझे, चाली माझ्या. शाळेच्या मस्टरच्या मागच्या पानांवर लिहिलेली. आई टॉवेलच्या दशा वळायची त्याचं एक, हुरड्याचं एक, सुधीर बदली होऊन उस्मानाबादला होते तेव्हाचं एक. जगात ती फक्त तुला माहीत होती. तू कधी म्हटलं नाहीस की मने, हे काय यमक जुळवत बसलीस. उलट तूच म्हणायचास की खुशखबर खुशखबर म्हणायला देवानं तुला हा गळा दिलेला नाही.

त्या रविवारी तू मागच्या गल्लीत जाऊन आला होतास. माग चालू राहणार नाहीत ना, हे विचारायला. नेमकी त्यांना सुट्टी होती. खोली इतकी गप्प मी कधी ऐकली नव्हती. मी सकाळी नऊला बसले आणि दोनपर्यंत सातही गाणी म्हटली. एकेक गाणं एका दमात. भीतीनं असेल, पण असा गळा माझा आयुष्यात लागला नव्हता. वरचा सा लावला की तो जाऊन बसायचा आणि तिथंच थांबायचा. कानातल्या हेडफोनमध्ये माझा आवाज मलाच येत होता, सरळ माईकवरून, भरलेला. तू मशीनसमोर पाठ करून बसला होतास आणि एकदाही वळला नाहीस. शेवटचं गाणं झालं तेव्हा वळलास. डोळे पुसलेस, आणि म्हणालास की आता निवांत जा, ऑपरेशन करून घे, बाकीचं मी बघतो. वहिनींनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी दिली. मी इतकी हलकी होते की काय सांगू. आवाज गेला तर गेला, माझी गाणी दादाच्या मशीनमध्ये आहेत.

आवाज गेलाच. सगळा नाही. बोलता येतं, शाळेत पोरांवर ओरडता येतं. पण घोगरा झाला, मधेच फाटतो, आणि वरचा सा तर नाहीच. जाहिरातीही बंद झाल्या. तू म्हणालास, विश्रांती घे. मी विश्रांती घेतली आणि गाण्यांची वाट बघितली.

सहा महिन्यांनी विचारलं, तू म्हणालास अजून थोडं काम आहे. वर्षानं विचारलं, अजून थोडं. कच्चं ऐकव म्हटलं, तर कच्चं ऐकायचं नसतं म्हणालास. एकदा फार मागं लागले तेव्हा मोबाईलवर एक कडवं ऐकवलंस, ते पण अंगणात, मागांच्या खडखडाटात. चांगलं वाटलं मला. मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरमधून काय कळणार होतं. मी सुधीरना सांगितलं, दादा लई बारकाईनं करतोय, म्हणून वेळ लागतोय. शाळेतल्या बायका विचारायच्या तेव्हा सांगायचे, भाऊ करतोय की. दुसऱ्या वर्षी सांगायची लाज वाटायला लागली. आणि ह्या सगळ्यात मी घरात गुणगुणायचं सुद्धा सोडलं. ह्या आवाजात कशाला? खरा आवाज तिकडं आहे, दादाकडं. तो आला की बघू.

तुझं माझं शेवटचं बोलणं फोनवर झालं. मी ऑफिसच्या मागच्या जिन्यात उभी होते. मी म्हटलं, "दादा, तू माझी गाणी डांबून ठेवलीयस. तुला आयुष्यात एक गोष्ट पूर्ण करता आली नाही." तू म्हणालास, "व्हय." एवढंच. मला वाटलं भांडशील, तुझं पुराण काढशील. नुसतं व्हय. मी फोन कट केला. तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन आला, की तू गेलास.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सात रस्त्याला मी रिक्षाची वाट बघत उभी होते, आणि समोरून माझा आवाज आला. तो, जुना, फाटका नसलेला. "खुशखबर, खुशखबर, फक्त तीन दिवस." कुकरची स्कीम होती. हे दुकान दोन महिन्यांपूर्वी निघालंय दादा, मी त्याचं नाव आयुष्यात उच्चारलेलं नाही. मग लक्षात आलं. माझ्या बारा वर्षांच्या जुन्या जाहिरातींमधून एकेक शब्द कापून तू नवीन जाहिराती जुळवत होतास. दुकानाचं नाव सुद्धा दोन जुन्या नावांचे तुकडे जोडून केलेलं, मधे किंचित अडखळतं. तू तर मला म्हणाला होतास की दुसरी एक मुलगी येते आता. रिक्षा गेली, तिच्यामागून माझा आवाज गेला, आणि मी तिथंच उभी. आजूबाजूला कुणी वळून सुद्धा बघितलं नाही. कशाला बघतील?

तर चार दिवसांपूर्वी मशीन उघडलं. वही घेऊन, एकेक पायरी. तुझं फोल्डर सापडलं, "मनीची गाणी". आत बघते तर त्रेसष्ट वेळा साठवलेलं. त्रेसष्ट वेगवेगळ्या खेपा, प्रत्येकीवर तारीख, शेवटची तू जाण्याच्या आदल्या दिवशीची. मला वाटलं, सगळ्यात पहिली उघडू. त्या रविवारची. तू काही करायच्या आधीचा माझा आवाज, निव्वळ. तोच ऐकायचा होता मला, बाकी काही नको.

ऐकला. हेडफोन नीट कानावर दाबून ऐकला. पातळ, कोरडा, पत्र्याच्या डब्यातून यावा तसा. आईचं गाणं मी अगदी हळू म्हटलं होतं, शेवटची ओळ तर श्वासावर. ती सुद्धा आरोळीच्या पातळीला. मी खुशखबर म्हणते तशी मी माझ्या आईबद्दल म्हणतेय.

मला वाटलं मीच काहीतरी चुकीचं दाबलं. म्हणून तारांचं पान उघडलं. तुझं मशीन गुणाचं, प्रत्येक खेपेबरोबर त्या वेळच्या तारा जशाच्या तशा लक्षात ठेवतं. डावीकडं माईक. उजवीकडं रेकॉर्डर. आणि मधे डबा. भोंगा.

शनिवारी संध्याकाळी आपण साडीच्या सेलची जाहिरात केली होती. तू डबा काढायला विसरलास. मागवाल्यांकडं जाऊन विचारून आलास, चादरी नवीन ठोकल्यास, खिडकीच्या फटीत कापूस कोंबलास, आणि ती एक तार बघायची राहिली. तुझ्या-माझ्या कानात आवाज भोंग्याच्या आधी येत होता, म्हणून तेव्हा दोघांनाही कळलं नाही. तू रेकॉर्डिंग परत लावून ऐकलंस तेव्हा मी ऑपरेशनच्या टेबलावर असेन, किंवा गळ्याला पट्टी बांधून पडलेली. परत बसवून म्हणून घेता येणार नव्हतं.

त्या खेपेला एक टिपणाचा चौकोन आहे, त्यात तू दोन ओळी लिहिल्यात. "माझी चूक. मनीला सांगायचं." दुसरी खेप उघडली, त्यातही त्याच दोन ओळी. दहावी, तिसावी, त्रेसष्टावी. नवीन खेप केली की टिपण आपोआप मागून येतं, हे मला कळतं. पण पुसता येत होतं की ते. तू पुसलं नाहीस.

वहिनी दारात येऊन उभ्या होत्या. मी रडत होते म्हणून आत आल्या नाहीत. तिथूनच म्हणाल्या, "रोज सांजच्याला तेच लावून बसायचे. मी एकदा इचारलं, कवा व्हनार हाय हे. तर म्हनले, व्हायाचं न्हाय ते. मग कशापाई बसताव, म्हनलं. तर हेडफोन लावला कानाला न् परत बसले."

व्हायचं नाही ते. तुला माहीत होतं. माझ्या फोनच्या आधीपासून, कितीतरी आधीपासून.

मी त्रेसष्टही खेपा ऐकल्या दादा. चार दुपारी त्यातच गेल्या. काय काय केलंयस तू. एका खेपेत तंबोरा भरलास, पोकळी झाकायला. एकीत माझाच आवाज खालच्या पट्टीत करून खाली अंथरलास, ती ऐकवत नाही, कुणी बाप्या माझ्याबरोबर रडतोय असं वाटतं. एकीत हळू ओळी तू हातानं हळू केल्यास, एकेक अक्षर. किती दिवस गेले असतील त्याला. आणि चाळिसावीच्या आसपास एक आहे त्यात तू स्वतः म्हटलंयस. माझ्या आवाजाच्या खाली, अगदी पुटपुटत, आईचं गाणं. जड भाग माझ्यात उरला नव्हता तर तू तुझा घातलास. आणि तुझा आवाज म्हणजे! गल्लीतली कुत्री भुंकायची तू आरती म्हणायला लागलास की. दोन ठिकाणी बेसूर झालायस. ते गाणं मी अकरा वेळा ऐकलं. ते पेनड्राइव्हवर घेतलं, पर्समध्ये ठेवलंय. त्या गाण्यासाठी मी तुझे पाय धरले असते.

आणि मग परत राग येतो. मला सांग, ह्या मशीनमध्ये काही झाकलेलं नसतं म्हणून कुणी मला दहा वर्षं ऐकवलं? मोठ्या सरांच्या फॉन्टची चूक तू दहा जणांत सांगायचास. विंडोजवाल्यांशी तू चहाच्या गाड्यावर तासभर वाद घालायचास. आणि स्वतःची एक तार सांगायला तुझी जीभ उचलली नाही? मी काय परकी होते? तुला माझी कीव आली असेल. तुला वाटलं असेल, हिचा आवाज गेलाय, निदान हिला वाटू दे की कुठंतरी आहे. पण त्या वाटण्यातच मी तीन वर्षं बसून राहिले रे. सोडता येईना आणि मिळेना. आता तर भांडताही येईना. तू "व्हय" म्हणालास तेव्हा मी एक मिनिट थांबले असते तर तू बोलला असतास का? हे मी आता मरेपर्यंत स्वतःला विचारत बसणार आणि मला उत्तर मिळणार नाही. तू सुटलास दादा. मी नाही सुटले.

मशीनचं म्हणशील तर मी वहिनींना सांगितलं, हे माढ्याला जाणार नाही. भावाला माझा लॅपटॉप देते, त्यात काय हवं ते टाकू दे, बिलंच तर करायचीत. हे माझ्याकडं राहू दे. वहिनींनी मान हलवली आणि कितीतरी दिवसांनी जरा हसल्या. घरी सुधीरना सांगितलं तर ते म्हणाले, म्हणजे आता आपण कायमचेच अडकलो. म्हणाले, आणि कपाटावरची जागा रिकामी करायला लागले. शाळेतली पत्रं मी मोबाईलवर बघेन. प्रिंटरचं काय करायचं ते मला माहीत नाही.

आज दुपारी मी तारांच्या पानावरून भोंगा काढला. माईकची तार ओढून सरळ रेकॉर्डरला लावली. दोनदा तपासली. तिसऱ्यांदा वहिनींना दाखवली, त्यांना त्यातलं काही कळत नाही तरी. माईक समोर घेतला, लाल बटण दाबलं. तीन मिनिटं चालू ठेवलं. पंखा, मागच्या गल्लीतले माग, आणि माझा श्वास, एवढंच आलं. तोंड उघडलं होतं मी, पण आवाजच फुटला नाही. बंद केलं. उद्या परत बसणार आहे, होईल का ते ठाऊक नाही.

तू सांगितलं असतंस तर काय झालं असतं, ते तुला सांगते. तुला माहीत असायला हवं होतं, पण सांगते. मी तुला वाट्टेल ते बोलले असते. वहिनींसमोर, पिंकीसमोर बोलले असते. घरी जाऊन रडले असते, दोन दिवस चूल पेटवली नसती, महिनाभर तुझा फोन उचलला नसता. भाऊबीजेला तोंड वाकडं करून आले असते आणि तुला ओवाळताना तुझ्याकडं बघितलं नसतं. आणि मग कधीतरी एक दिवस शाळा सुटल्यावर आले असते, तुझ्या समोर येऊन बसले असते, आणि ह्याच फाटक्या आवाजात म्हटलं असतं, "लाव माईक." तीन वर्षांपूर्वीच म्हटलं असतं, दादा.